नसेवरचा पापुद्रा

“कणभरसुद्धा ठेवायचं नाही. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला की हेच सांगणार आहे मी,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी ताकाची वाटी तोंडाला लावली.

 धाकट्या वरदनं उचललेला घास परत ताटात ठेवला. थोरल्या उन्मेषनं बायकोकडे पाहिलं, पण अपूर्वाचं लक्ष अण्णांच्या वाटीकडे होतं. वाटी खाली आली तशी अण्णांनी ओठांवरची ताकाची रेघ ओठ मुडपून पुसली, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. सोमवारच्या ऑपरेशननंतर एवढं साधं त्यांना जमेल की नाही ते आज ठरायचं होतं, आणि ज्यानं ठरवायचं तो माणूस भातावर आणखी कुळथाचं पिठलं मागत होता.

“मुळासकट,” पिठलं वाढून झाल्यावर ते पुन्हा म्हणाले. “बांडगूळ आहे ते. बांडगुळाचं मूळ ठेवलंन् की पुढच्या वर्षी दुप्पट. हे काय मी आज शिकायचंय?”

 बांडगूळ हा शब्द अपूर्वाचाच होता.

दिवाळीच्या तोंडावर अण्णांच्या डोक्याचा एमआरआय झाला, त्या दिवसाची गोष्ट. डाव्या कानानं ऐकू येईनासं होऊन बरेच महिने झाले होते. वयाचं आहे, म्हणून कोणी मनावर घेतलं नव्हतं. मग बागेकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या पाखाडीवर ते दोनदा तोल जाऊन बसले आणि मग रत्नागिरीतल्या कानाच्या डॉक्टरांनी फोटो काढायला लावला. कानाच्या नसांवर गाठ निघाली. साधी, कॅन्सरची नव्हे, पण चांगली सुपारीएवढी झालेली आणि मेंदूला टेकलेली. अण्णा ज्याला त्याला विचारत होते, “गाठ म्हणजे नक्की काय?” उन्मेष म्हणाला, “काही नाही हो अण्णा, छोटीशी आहे.” वरदनं पुण्याहून फोनवर लिंका पाठवल्या, त्या अण्णांनी उघडल्याही नाहीत. अपूर्वा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिनं फिल्म उचलली, अण्णांना घेऊन घरापुढच्या खळ्यात आली आणि फिल्म आभाळाकडे धरली. नेमकं वरती आंब्याच्या जुन्या कलमाच्या फांदीवर बांडगूळ लोंबत होतं.

“हे असं, अण्णा. फांदी झाडाची, पण हे झाडाचं नव्हे. जागच्या जागी वाढतं, दुसरीकडे पसरत नाही. पण फांदीला जाच करतं.”

अण्णांनी फिल्म पाहिली, फांदी पाहिली, पुन्हा फिल्म पाहिली. “कळलं,” म्हणाले. एवढंच. त्या दिवसभर ती स्वतःवर खूश होती. स्टाफरूममध्येसुद्धा तिनं हे सांगितलं होतं.

आणि अण्णांना खरोखरच कळलं होतं, जितकं बागायतदाराला कळावं तितकं. बांडगूळ वरवर खुडून भागत नाही. ते लाकडात मुळं घालतं. म्हणून गडी केरू कोयती घेऊन चढला की अण्णा खालून ओरडत, “वीतभर खालनं छाट रे, चांगली फांदी गेली तरी चालेल!” चांगली फांदी गेली तरी चालेल, हेच ते आता स्वतःच्या चेहऱ्याबद्दल म्हणत होते.

“अण्णा,” वरद म्हणाला, “मुंबईत डॉ. सबनीसबाईंनी आपल्याला समोर बसवून सांगितलं. चेहऱ्याची नस गाठीवर ताणली गेलीय. जिथे सुटेल तिथे त्या सोडवतीलच. पण जिथे चिकटलेली असेल तिथे खरवडत बसलं तर नस जाईल. डावा डोळा मिटणार नाही, तोंड वाकडं होईल. त्यापेक्षा तेवढा पापुद्रा नसेवर ठेवायचा आणि दरवर्षी फोटो काढून लक्ष ठेवायचं. बहुतेकांचा तो वाढतसुद्धा नाही.”

“बहुतेकांचा,” अण्णा म्हणाले. “बहुतेक वर्षी मोहोरावर पाऊसही पडत नाही.”

“मला अण्णांचं पटतं,” उन्मेष म्हणाला. “एकदाच काय ते होऊन जाऊ दे. नाहीतर दरवर्षी मुंबई, दरवर्षी त्या नळकांड्यात झोपा, आणि रिपोर्ट येईपर्यंत घरात कोणी धड जेवायचं नाही.”

“तुला सीझनमध्ये अडचण नको, एवढंच आहे तुझं.”

“होय रे बाबा. तू पुण्यात बसून लिंका पाठव. पाखाडीवरनं त्यांना खांद्यावर आणलं मी.”

“म्हणून तोंड वाकडं करून घ्यायचं त्यांनी?”

“पानावर भांडू नका,” वासंतीबाई म्हणाल्या. त्या नवऱ्याच्या उजव्या हाताला बसल्या होत्या. डावा कान गेल्यापासून त्यांनी जागा बदलली होती. “त्यांचं डोकं, त्यांची गाठ. त्यांना हवं ते सांगू देत. ताक घे गो अपूर्वा, कोरडंच जेवत्येस.”

म्हणजे सासूबाईही त्याच बाजूला. अपूर्वानं ताक घेतलं. ती काहीच बोलली नाही, आणि आपण बोलत नाही आहोत हे तिला प्रत्येक घासाला कळत होतं.

जेवणं आटोपल्यावर ती ओट्याशी भांडी आवरत होती, तेवढ्यात उन्मेष आत आला आणि दाराशी अवघडून उभा राहिला.

“ऐक ना. मी टेबलावर बोललो ते बोललो. पण त्यांचं तोंड वाकडं झालेलं मलाही बघवणार नाही.”

“मग तिथे का बोललास तसं?”

“कारण दरवर्षी तो रिपोर्टचा लखोटा उघडायला माझ्यात दम नाही,” तो एकदम म्हणाला आणि मग त्याचा आवाज खाली आला. “तूच बघ आता काहीतरी. तुझ्या बांडगुळानं एवढं केलं, तर दे दुसरं एखादं उदाहरण. झाडावर असतं पण झाडाला काही करत नाही, असं काहीतरी असेलच की. तू शिकवतेस ना?”

असं होतं. दगडफूल. सालीवर राखाडी पापुद्र्यासारखं बसतं, मूळबीळ काही घालत नाही, वर्षानुवर्षं तसंच राहतं. बागेतल्या निम्म्या कलमांवर होतं. अण्णांना एका वाक्यात पटलं असतं. “अण्णा, बांडगूळ काढून टाकायचं आणि दगडफूल राहू द्यायचं,” की काम झालं.

“आहे,” ती म्हणाली.

“मग सांग की.”

“तेही खोटं आहे, उन्मेष. दगडफुलाला कोणी दरवर्षी फोटो काढून बघत नाही. उद्या तो पापुद्रा वाढला तर अण्णा मला विचारतील, दगडफूल कसं गो वाढलं?”

“उद्याचं उद्या.”

“बांडगूळ म्हणतानाही मी असंच म्हटलं होतं मनात.”

उन्मेष चिडून निघून गेला. कोपऱ्यात विळीवर नारळ खवत बसलेल्या वासंतीबाईंनी मान वर केली नाही. “तू सांगितलंस ते त्यांना पटलं,” त्या म्हणाल्या. “इतक्या वर्षांत त्यांना कोणाचं काही पटलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. मी आपली गप्प बसले. मोडता घालून काय होतंय?”

“आई, तुम्हाला काय वाटतं?”

“मला कोण विचारतंय,” त्या म्हणाल्या आणि खवलेला नारळ ताटलीत निपटून काढू लागल्या.

अण्णा खळ्यात खुर्ची टाकून बसले होते. पहिली फवारणी होऊन गेली होती आणि वारा बागेकडून आला की औषधाचा उग्र वास येत होता. दोघे मुलगे पायरीवर, दोन टोकांना. अपूर्वानं स्टूल आणून अण्णांच्या उजव्या बाजूला ठेवलं.

“अण्णा, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं.”

“काय?”

“ते बांडगुळासारखं नाही.”

अण्णांनी मान पूर्ण तिच्याकडे वळवली. “फिल्म धरून तूच बोललीस. इथेच.”

“होय. दिसायला तसं होतं म्हणून बोलले. मला सांगायला सोपं गेलं, तुम्हाला समजायला सोपं गेलं. पण बांडगूळ लाकडात शिरतं. ही गाठ शिरत नाही. ती मूळ घालत नाही, नुसती वाढते आणि शेजारच्याला ढकलते. तुम्ही जे मुळासकट काढा म्हणताय, ते मूळच नाही तिला.”

“मग कशासारखं आहे?”

पायरीवरून उन्मेष तिच्याकडे रोखून बघत होता. दगडफूल अगदी जिभेवर होतं.

“कशासारखंच नाही,” ती म्हणाली. “कानापासून मेंदूकडे हाडातल्या एका बोगद्यातून नसा जातात. ऐकण्याची, तोल सांभाळण्याची आणि त्यांना लागूनच चेहऱ्याची. गाठ आली तोलाच्या नसेच्या वेष्टनातून. ती वाढली तशी चेहऱ्याची नस तिच्या अंगावरून ताणली गेली, भिजलेल्या कागदासार…” ती थांबली. “नाही. कागदासारखी नाही. पातळ झाली, एवढंच. इतकी पातळ की सूक्ष्मदर्शकातून बघतानाही काही ठिकाणी गाठ कुठे संपते आणि नस कुठे सुरू होते ते दिसत नाही. तिथे सगळं काढायचं म्हटलं तर नसही येते. सगळं म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत असायला हवं. सगळं म्हणजे नस धरून.”

 अण्णांनी विचारलं, “आणि ठेवलेलं वाढलं तर?”

“तर रेडिएशन देतात. क्वचित पुन्हा उघडावं लागतं.”

“वाढणार नाही, असं म्हण.”

“नाही म्हणता येत.”

“वहिनी!” वरद उठून उभाच राहिला. “अगं, काय बोलतेस? ते तयार होत होते.”

“बघ,” उन्मेष म्हणाला. “हे असं. सरळ एक सांगायचं सोडून.”

सकाळपासून पहिल्यांदाच दोघा भावांचं एकमत झालं होतं, आणि ते तिच्या विरुद्ध. ती स्टुलावरून हलली नाही. 

“त्यांना ओरडू नका,” अण्णा म्हणाले. चिडले की ते सुनेला अहो-जाहो करत. “निदान आज खरं बोलतायत. पण माझं तेच आहे. वाढेल की नाही सांगता येत नाही, म्हणजे ठेवायचं नाही.” त्यांनी हात उचलून दगडी गडग्यापलीकडे दाखवला. तिथे भाऊकाकांचं घर होतं. दिवे लागत, माणसं वावरत, पण या घराशी कोणी बोलत नसे. “आमच्या वडिलांनी सगळ्याची वाटणी केली आणि सड्यावरचा तेवढा एक तुकडा ठेवला. पुढे बघू म्हणाले. केवढा होता? चार कलमं आणि कातळ. ते गेले आणि तो तुकडा आम्हा दोघांच्या मध्ये वाढत गेला. माझा सख्खा भाऊ. त्याच्या घरी मुलगा झाला तो मला वाण्याकडनं कळला.”

“अण्णा, ही जमीन आहे का?” वरद म्हणाला.

“उरलेलं ते उरलेलं. ते मागच्यांच्या गळ्यात पडतं. मी तुमच्यावर काही ठेवून जाणार नाही. आता राहिलं तोंड. तोंडाचं काय एवढं? गॉगल लावीन. वाकडं तर वाकडं. या वयात तोंड दाखवायचंय कोणाला?”

“मला,” वासंतीबाई म्हणाल्या.

त्या पडवीच्या दारात उभ्या होत्या, हाताला नारळाचा कीस तसाच. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. त्या पायऱ्या उतरून खळ्यात आल्या, उन्मेष आणि वरदच्या मधून, आणि नवऱ्याच्या समोर येऊन थांबल्या.

“लग्न झाल्यापासून माझ्याशी किती बोललात, सांगा बघू. ‘अगो, चहा.’ ‘अगो, निघतो.’ बाकीचं कोणी सांगितलं मला? तुमच्या तोंडाकडे बघून घर चालवलं मी. शैलावन्सं गेल्या तेव्हा तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. गाल तेवढा हलला, आणि मी त्या रात्री तुमच्याजवळ बसून राहिले. मोहोर जळला त्या वर्षी तुम्ही बागेतनं आलात आणि पाय धुतलेत. मी भुवई बघितली आणि पोरांना सांगितलं, आज कोणी काही मागू नका. अर्धं तोंड मेलं तर मी काय बघू? कोणाला विचारू, याला?” त्यांनी उन्मेषकडे बोट केलं. “याला तुम्ही उपाशी आहात हेसुद्धा कळत नाही.”

“आई…” उन्मेष म्हणाला.

“तू थांब. आणि उरलं तर मुलांच्या गळ्यात पडेल म्हणे. पडू दे! मुलं कशाला असतात? भावजींचं नि तुमचं त्या कातळामुळे नाही बिघडलं. तुम्ही दोघं कधी तोंड उघडून बोलला नाहीत म्हणून बिघडलं. तिकडे निदान जाऊबाईंना भावजींचा चेहरा आहे. माझा तेवढा कापून द्यायला निघालात.”

बागेत कुठेतरी पंप सुरू झाला आणि थोड्या वेळानं बंद पडला. अण्णा बायकोकडे बघत होते. अपूर्वानं त्यांचा चेहरा निरखून पाहिला, पण तिला त्यात काही म्हणता काही वाचता येईना. तिला दिसला तो नेहमीचाच चेहरा, उन्हानं रापलेला, ओठ मिटलेला.

“मघाशी जेवताना हे बोलली नाहीस,” अण्णा अखेर म्हणाले.

“मघाशी तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत.”

सगळे आत येऊन बसले. चहा झाला.  वरदनं फोन टेबलाच्या मधोमध ठेवला होता आणि सगळे त्याच्याकडे न बघता त्याच्याचकडे बघत होते. उन्मेषनं उगाचच पंख्याचा वेग कमी केला, मग वाढवला. फोन वाजला तेव्हा अण्णांनी तो सवयीनं डाव्या कानाला लावला, काही ऐकू येईना तसा उजव्या कानाला लावला, आणि मग स्वतःच वरदपुढे धरला. “मोठ्यानं कर याला. सगळ्यांनी ऐका.”

“नमस्कार काका,” डॉ. सबनीसांचा आवाज खोलीत आला. “ठरलं का? मला तुमच्याच तोंडून ऐकायचंय.”

“मी काय विचारतो,” अण्णा म्हणाले, “नसेला चिकटलेलं असेल तिथे तुमचा हात थांबेल ना?”

 “थांबवणं अवघड असतं, काका. थोडंसंच राहिलंय असं दिसत असतं आणि हात पुढे जायला बघतो. पण थांबवीन.”

“मग थांबवा.”

वरदनं सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला.

“ठीक आहे. पण दोन गोष्टी,” डॉक्टर म्हणाल्या. “कुठे थांबायचं ते आत गेल्यावरच कळेल. कदाचित सगळी सुटूनही येईल. आणि मी वेळेवर थांबले तरी नस दुखावते, काही महिने चेहरा ओढलेला राहू शकतो. क्वचित तसाच राहतो. ही खात्री मी देत नाही.”

“आमच्याकडेही हल्ली कोणी खात्री देत नाही,” अण्णा म्हणाले. अपूर्वानं मान खाली घातली.

“आणि पुढच्या तपासण्यांना सोबत कोण येईल? एक माणूस ठरलेला असला की बरं पडतं. मागचं माहीत असतं त्याला.”

खोलीतली सगळी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. अण्णांनी मात्र कोणाकडे पाहिलं नाही.

“आणील थोरला,” ते म्हणाले. “बघेल सून.”

उन्मेषनं घसा साफ केला. “एप्रिल-मे सोडून कधीही, डॉक्टर.”

“आंब्याची पेटी पाठवलीत तर जूनमध्ये बघू,” डॉक्टर म्हणाल्या आणि वरद मोठ्यानं हसला, गरजेपेक्षा जास्तच मोठ्यानं. उन्मेषही हसला. मघाची कटुता दोघांच्या चेहऱ्यावरून पुसली गेली.

अपूर्वाला हसू आलं नाही. बघेल सून. कधीतरी एखाद्या वर्षी ती फिल्म उजेडाकडे धरेल आणि पांढरा ठिपका मागच्या वर्षीपेक्षा मोठा असेल. अण्णा शेजारी उभे असतील. ते विचारतील, आणि तिला सांगावं लागेल, झाडापानाच्या आडोशाला न जाता, आहे तेवढंच. मघाशी खळ्यात तिला वाटलं होतं की खरं बोलून ती मोकळी झाली. आता कळत होतं की खरं बोलल्याबद्दलच हे काम तिच्याकडे आलं होतं. उन्मेषनं टेबलाखालून तिच्या हातावर हात ठेवला. त्याचा तळवा तिच्यापेक्षाही गार होता.

“चला,” फोन बंद झाल्यावर वरद म्हणाला, “अण्णा एकदम खंबीर आहेत. मीच उगाच घाबरलो होतो. बॅगा भरूया.”

“होय तर,” उन्मेष म्हणाला. “मी गाडीची हवा बघून येतो.”

दोघे उठले. अण्णा खिडकीतून बागेकडे बघत बसले होते. ओठ मिटलेले, पापण्या नेहमीसारख्या अर्ध्या खाली. अपूर्वा कप गोळा करायला वाकली. तेवढ्यात वासंतीबाई नवऱ्याजवळ आल्या, त्यांच्या चेहऱ्याकडे एकदाच नीट पाहिलं आणि उजव्या कानाशी वाकल्या.

“घाबरू नका,” त्या हळूच म्हणाल्या.

‘कोण घाबरलंय?’ असं अण्णांनी विचारलं नाही.